बाबांचं क्लॉक

"डॉक्टर, माझ्या बाबांना माझ्या सिंथचं क्लॉक जोडलं तर चालेल का?"

हे विचारून दाखव, अशी पैज अल्फिया आणि सानिकानं लावली होती. दोघी मैत्रिणी दवाखान्याच्या काचेच्या दाराबाहेर वडापाव खात, नाक काचेला लावून उभ्या होत्या. मागच्या वर्षीची केतकी गुरव असती तर "गोळी जेवणाआधी की नंतर" एवढंच विचारून पळाली असती. पण यंदा जिल्ह्याच्या प्रदर्शनात माझ्या सिंथला, म्हणजे विजेवर वाजणाऱ्या पेटीला, पहिला नंबर मिळाला आणि तेव्हापासून माझा आवाज आपोआप मोठा येतो. आई म्हणते, नंबर सिंथला नाही, हिच्या घशाला मिळालाय.

डॉ. मगदूम आधी हसल्या. मग हसू थांबवून त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बस. कसं जोडशील ते सांग."

आता ते सांगायचं तर आधी बाबांचं सांगायला हवं. माझे बाबा, शिरीष गुरव, मिरजेत तबला शिकवतात. म्हणजे शिकवायचे. त्यांना कंपवात झाला. उजवा हात थरथरायला लागला आणि त्याहून वाईट म्हणजे पाय चिकटायला लागले. दाराच्या उंबऱ्याशी आले की जमिनीला खिळल्यासारखे उभे. मात्र मी बाजूला उभी राहून "धा धिं धिं धा" म्हटलं की पाय सुटायचे. ह्यात जादू नाही. पावलं टाकायची आज्ञा देणारी मेंदूतली वाट बिघडली, तरी तालावर चालायची वाट शाबूत असते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

नवीन होता तो तालक. मेंदूत खोलवर दोन केसासारख्या तारा, गळ्याच्या हाडाखाली बॅटरी आणि गळ्यात घालायचा पेढ्याएवढा लोलक. जुनी यंत्रं विजेची एकसारखी रिपरिप लावायची. तालक तीच वीज मात्रांमध्ये बांधून देतो, त्यामुळे आतली विस्कटलेली वाट तालावर चालायला लागते. चाचणीसाठी निवडलेल्या माणसांत बाबा होते. लोलकाला दोन भोकं होती. एकात बाहेरचा ताल आत जायचा. दुसऱ्यातून बाबांच्या मेंदूचा स्वतःचा ताल बाहेर यायचा, डॉक्टरांना पडद्यावर बघण्यासाठी.

"आत जायच्या भोकात तुम्ही तो टिकटिक करणारा डबा लावता," मी डॉक्टरांना म्हणाले. "त्या टिकटिकीवर बाबा चालतात, पण वाजवत नाहीत. म्हणतात, हा डबा बेसूर आहे. माझ्या सिंथमध्ये लेहरा आहे, तबल्याला साथ करणारी फिरती धून."

तपासणीच्या टेबलावर बसून शर्टाच्या गुंडीशी झटापट करणारे बाबा म्हणाले, "मॅडम, पोरगी खोटं बोलत नाही. लेहरा बरा वाजवतं तिचं खोकं."

डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. मध्ये प्रकाशाचा अडसर हवा, म्हणजे एका बाजूला बारीक दिवा लुकलुकणार, दुसऱ्या बाजूचा डोळा तो बघणार, आणि माझ्या सिंथची वीज बाबांपर्यंत कधीच पोचणार नाही. दुसरी अट, लोलक उघडायचा नाही. मी मान डोलावली आणि काचेकडे बघून अंगठा वर केला. सानिकाचा वडा खाली पडला.

*

माझा सिंथ म्हणजे एक पेटी, जिला आम्ही रॅक म्हणतो, आणि तिच्यात शेजारी शेजारी बसवलेली मॉड्यूल. प्रत्येकाला एकच काम येतं. एक सूर काढतं, एक तो गाळतं, एक आवाजाचं दार उघडतं-मिटतं. एकेकटं मॉड्यूल मठ्ठ असतं. त्यांना एकत्र चालवतं ते क्लॉक, ठरावीक अंतरानं येणारी विजेची टिचकी. टिचकी आली की सगळे एक पाऊल पुढे. पेटी अल्फियाच्या अब्बूंनी सतारीच्याच तुणीच्या लाकडाची करून दिली. सतारमेकर गल्लीत हल्ली सतारींइतक्याच ह्या पेट्या बनतात, आणि अब्बू त्यांनाही सतारीसारखंच पॉलिश करतात, मागच्या बाजूलासुद्धा, जी कोणी बघत नाही.

मी बघते. क्लॉकच्या खऱ्या जोडण्या मागेच असतात. तिथं हात घालायचे नियम मी आणि अल्फियानं पाठ केले होते. आधी भिंतीतली पिन काढायची. दिवे पूर्ण विझेपर्यंत थांबायचं, कारण वीज आत दडून बसते. रिबन केबलची लाल कड चुकीच्या बाजूला गेली तर मॉड्यूल मेलं. आणि सगळ्यात मोठा नियम, देणाऱ्या टोकाला देणारं टोक कधीच जोडायचं नाही. दोघं एकमेकांना जाळतात.

पहिल्या दिवशी लेहरा सुरू केला, अडसरातून तार लोलकाला लावली आणि बाबांसमोर तबला-डग्गा ठेवला. बाबा बराच वेळ नुसते ऐकत होते. मग उजवा हात उठला. थरथरत उठला आणि समेवर बरोबर उतरला. पुढच्या आवर्तनात थरथर नव्हती. आई पोळी लाटायची टाकून दारात येऊन उभी राहिली. आई एसटीच्या आगारात गाड्या वेळेवर सोडते, ती सहसा कशालाच थांबत नाही. तव्यावरची पोळी जळाली आणि कोणी उठलं नाही.

"केतू," बाबा म्हणाले, "बंद करू नको."

"नाही करत."

त्या आठवड्यात मी वर्गात एवढी बडबडले की बाईंनी मला पहिल्या बाकावर आणून बसवलं, आणि मग मी पहिल्या बाकावरून बडबडले.

*

पण बदल आधी आईत झाला.

बाबांना सकाळी आवरायला फार वेळ लागायचा आणि आईला ड्युटीवर जायचं असायचं. एकदा मी दात घासत असताना तिनं रॅकचा मोठा नॉब थोडासा उजवीकडे फिरवलेला मला दिसला. लेहऱ्याची लय किंचित वाढली. आतल्या खोलीत, लांब तारेच्या टोकाला, बाबांची बोटं गुंड्यांवर भराभर चालायला लागली. चहा दोन घोटांत संपला.

"आई, काय केलंस?"

"काही नाही गं. जरा हलवला. बघ की, कसे टापटीप तयार झाले."

"बाबांना विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? लवकर आवरा म्हणायचेच की मी आधी. घसा दुखायचा. आता दुखत नाही."

मला हसू आलं. खरंच आलं. मग दुपारी गणिताच्या तासाला ते बोटांचं दृश्य पुन्हा डोळ्यासमोर आलं आणि हसू आलं नाही.

बाबांच्या मनात दुसरंच होतं. तबल्याच्या एकलवादनात लेहरा लय धरून ठेवतो, पण लय मागतो तबलजी. वाजवता वाजवता तो मान जरा उचलतो, भुवई हलवतो, आणि लेहरेवाला समजतो की आता थोडी वाढव. आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही. शिष्यानं आपणहून लय वाढवली तर मात्र बाबा हात थांबवायचे आणि पाणी मागायचे. तेवढ्यानं पोरगं रडकुंडीला यायचं.

"तुझं खोकं माझी मान बघत नाही," बाबा एक दिवस म्हणाले. "मी त्याच्या मागे चालतो. हे वाजवणं नाही केतू, ही कवायत आहे."

"मग काय करू?"

"लय मला मागू दे."

मला लगेच सुचलं. लोलकाचं दुसरं भोक होतंच. बाबांच्या मेंदूचा ताल तिथून बाहेर येतो, तो रॅकच्या क्लॉकला द्यायचा, म्हणजे बाबांच्या मनात लय वाढली की लेहरा वाढेल. मान हलवायचीसुद्धा गरज नाही. डॉक्टरांनी ह्या भोकाबद्दल काही मनाई केली नव्हती. लोलक उघडायचाही नव्हता. रविवारी अल्फिया आली. आम्ही पिन काढली, दिवे विझू दिले, पेटी पालथी केली, क्लॉकच्या मागची जोडणी बदलून त्याला बाहेरच्या टिचकीवर चालायला लावलं, दुसरा अडसर बसवला, मल्टिमीटरनं एकेक टोक तपासलं. आणि आधीची तार तशीच ठेवली, कारण तीच तर बाबांचा हात धरून होती.

"सगळी देणारी टोकं घेणाऱ्यांना," अल्फिया म्हणाली. "काही जळणार नाही." मग पेचकस दातांत धरून ती जरा थांबली. "पण केते, आता लय कुणाची?"

"दोघांची," बाबा आनंदानं म्हणाले. "जुगलबंदी."

*

त्या दिवसापासून घरात जे वाजायला लागलं ते ऐकायला लोक यायला लागले. जुने शिष्य आले, गल्लीतले कारागीर आले, हातातलं काम टाकून. बाबा विलंबित सुरू करायचे आणि लय चढत जायची. आपल्याकडे मैफलीत लय चढतेच. चढली की लोक माना डोलावतात, नाही चढली तर पान खायला बाहेर जातात. त्यामुळे दुसऱ्या दिवशीची सुरुवात आदल्या दिवसापेक्षा जलद असते हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर ते म्हणाले, बुवा रंगात आलेत. मी डॉ. मगदूमना बाबांच्या वादनाचा व्हिडिओ पाठवला. त्यांनीही टाळ्या पाठवल्या. उरुसाच्या बैठकीत बाबांना वाजवायला बोलावणं आलं.

बाबा भरभर जेवायला लागले. भरभर बोलायला लागले. माझं वाक्य संपायच्या आत त्यांचं उत्तर यायचं, आणि कधी कधी ते उत्तर मी न विचारलेल्या प्रश्नाचं असायचं. झोप कमी झाली. आई आधी खूश होती. मग एकदा भांडी विसळताना तिनं मला हळूच विचारलं, "तो नॉब मी डावीकडे फिरवला. काहीच होत नाही. बिघडला का?"

"आता तो नॉब नाही चालत आई. आता बाबाच क्लॉक आहेत."

"असं होय," ती म्हणाली आणि तेच ताट पुन्हा विसळायला लागली.

मग तो शनिवारचा बाजार. बाहेर पडताना तारा काढायच्या, लोलक तेवढा गळ्यात. पूर्वी मी बाबांसाठी हळू चालायचे, त्या दिवशी त्यांच्या मागे जवळजवळ धावत होते. भाजीवालीसमोर आम्ही थांबलो. म्हणजे मी थांबले. बाबा जागच्या जागी पावलं टाकत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. वर चेहरा हसरा, कोथिंबिरीचा भाव चाललेला, आणि खाली पाय चालतायत.

"काय ओ मास्तर, व्यायाम का?" भाजीवाली म्हणाली.

"हो हो हो, व्यायाम, चांगला असतो, पाव किलो द्या."

मी हसले नाही. चौकात सिग्नल लाल झाला. मी बाबांचा दंड धरला. बाबांनाही लाल दिसत होतं, मला माहीत आहे, कारण ते म्हणाले, "केतू, थांबायला हवं." आणि चालत राहिले. मी दोन्ही हातांनी ओढलं. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. बाबांचा अंगरखा माझ्या हातात फाटला. ट्रॅक्टरवाला घासून गेला, शिव्या देत, आणि बाबा रस्त्यावर पडले. पडल्यावरही त्यांचे पाय हवेत चालत होते.

त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी आईला अजून सांगितलेलं नाही.

*

घरी येताच बाबांनी सवयीनं लोलकात तारा लावल्या, मी त्या दोन्ही उपटून काढल्या. लेहरा बंद पडला. बाबांची बोटं गुडघ्यावर त्याच लयीत पडत राहिली. मी वाट बघितली. लय तसूभरही कमी झाली नाही. मी फोन लावला.

डॉ. मगदूमनी फोन उचलला. मी सगळं सांगितलं, तार अन् तार.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या भोकाला झाकण लावून द्यायला हवं होतं. ऐक. तालक नुसता ताल घेत नाही, पुढची मात्रा कधी येईल ह्याचा अंदाज बांधतो आणि केसभर आधीच टिचकी देतो. पाय वेळेवर पडावा म्हणून. ती केसभर लवकरची टिचकी तुझ्या रॅकनं घेतली आणि परत त्यालाच दिली. त्यानं त्याच्याही केसभर आधी दिली."

"गोल," मी म्हणाले.

"गोल. आणि बाहेरचा ताल तुटला तर शेवटची लय धरून ठेवायची, असं आम्हीच त्याला शिकवलंय. रस्त्यात तार निघाली तर माणूस कोसळू नये म्हणून."

प्रत्येक तार बरोबर होती. देणारं घेणाऱ्याला, घेणारं देणाऱ्याला. काहीही जळलं नव्हतं.

"आता उतरवायचं कसं?"

"दोन वाटा आहेत. रॅक स्वतःच्या क्लॉकवर आण, आत्ताची लय लाव, ती तार बाबांना जोड आणि रोज थोडी थोडी खाली आण. काही आठवडे जातील. तबल्यावरचा हात बहुतेक टिकेल. किंवा उद्या इकडे घेऊन ये, मी तालक बंद करून त्यानं शिकलेलं सगळं पुसते. ते माझ्या देखरेखीखालीच करावं लागेल, घरी एकदम बंद झाला तर अंग लाकडासारखं होतं. पण पुसल्यावर हात परत येईलच असं सांगता येत नाही." त्यांनी श्वास घेतला. "आणखी एक. मेंदूच्या ज्या भागात त्या तारा आहेत, तिथून नुसती हालचाल जात नाही. माणसाची घाई, उत्साह, चीड, हट्ट, सगळं तिथूनच जातं. घरी उतरवणार असलीस तर हे लक्षात ठेव."

मी ते लक्षात ठेवलं, पण मला ते समजलं नव्हतं.

अर्थातच मी पहिली वाट निवडली. हात टिकणार होता. पिन काढली, दिवे विझू दिले, पेटी पालथी केली, जोडणी पहिल्यासारखी केली. क्लॉक पुन्हा नॉबचं ऐकायला लागलं. बाबांच्या बोटांशी लेहरा जुळवला आणि तार लोलकात लावली. आई ड्युटीचा गणवेश न बदलताच कॉटवर बसली होती.

"काय करतेयस?" बाबा म्हणाले.

"लय खाली आणतेय. डॉक्टरांनी सांगितलंय. आणि बाबा, उरुसाच्या बैठकीला आता—"

"नाही नाही नाही. बैठक होणार. एवढी वर्षं कोणी विचारलं नाही, आता मिरज ऐकायला येते आणि तू लय काढून घेणार? शिष्यानं लय वाढवू नये तशी कमीही करू नये, समजलं, कोण तू, कोणी शिकवलं तुला, हात लावू नकोस त्या—"

मी नॉब डावीकडे फिरवला. मला वाटतं, जरा जास्तच फिरला.

"—त्या खोक्याला," बाबा म्हणाले. "हात... लावू नकोस." मग आणखी हळू, "मला वाजवायचंय, केतू." त्यांचे खांदे खाली आले. कपाळावरची शीर बसली. चेहऱ्यावरून राग असा उतरला जसा फळा पुसावा. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं."

आईनं सुटकेचा श्वास सोडला. "बघ, ऐकलं की त्यांनी. उगीच घाबरवलंस."

माझा हात नॉबवर होता. मला नको असतानाही एक गोष्ट दिसली. मी आणखी डावीकडे गेले तर बाबा गाणं ऐकत झोपतील. उजवीकडे गेले तर भांडतील. मधोमध कुठेतरी अशी जागा आहे जिथे ते माझं सगळं ऐकतील, मार्कांबद्दल, सानिकाकडे राहायला जाण्याबद्दल, कशाहीबद्दल, आणि आईचं सगळं ऐकतील अशीही एक जागा असणार. काही आठवडे. रोज थोडं थोडं. आईची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, नॉबवर होती. ती वाईट नव्हती. ती फार दमलेली होती.

मी हात काढला.

"बाबा, बैठकीला जायचं नाही, चालेल?"

"चालेल."

"तबला अल्फियाकडे देऊन टाकू?"

"दे की," बाबा म्हणाले, आणि हसले.

मी रॅकपासून दोन पावलं मागे सरले. मी आधी हळू बोलायचा प्रयत्न केला, पण मला आता हळू बोलता येत नाही, म्हणून नेहमीच्याच आवाजात बोलले.

"आई, बाबा, ऐका. मी घरी लय उतरवणार नाही. मीही नाही आणि आई, तूही नाही. मघाशी बाबांनी दिलेला नकार त्या वाढलेल्या लयीचा होता का, ते मला माहीत नाही. पण आत्ताचा होकार बाबांचा नाही, तो माझा आहे, मी तो ह्या बोटांनी काढलाय. उद्या सकाळी आपण तिघं डॉ. मगदूमकडे जातोय आणि त्या तालक बंद करतील. हात राहील की जाईल ते मला सांगता येत नाही, आणि हे बाबांनी ठरवलं असं मी कोणाला सांगणार नाही. मी ठरवलंय. बाबा, तालक बंद झाल्यावर तुम्ही माझ्यावर ओरडा. थरथरत ओरडा, अडखळत ओरडा, कितीही वेळ लावा. मी तिथंच उभी असेन आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही."